भिंत कोरडी होईपर्यंत रंगाचा डबा उघडू नका

पाऊस संपला की माझ्या टेबलावर ओल्या भिंतींच्या पत्रांचा ढीग लागतो. यंदाच्या ढिगातलं एक पत्र जवळजवळ पूर्ण देते आहे. त्याच्या उत्तरात इतर बऱ्याच जणांची उत्तरं येतील आणि मला तेच तेच लिहावं लागणार नाही.

प्रश्न : काकू, आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, पणजोबांच्या वेळचं. मागची खोली आजीची. ती गेल्यापासून बंदच होती. आता तिथे मला माझी कामाची खोली करायची आहे. आई म्हणते, कडियाला (गवंड्याला) बोलाव आणि मोकळी हो. मला मात्र स्वतःच्या हाताने शिकायचंय. ड्रिल घेतलं, व्हिडिओ बघितले, पुट्टीचं 40 किलोचं पोतंही आणून ठेवलं. मागच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे आलेत, पांढरी भुकटी झडते. काही वर्षांपूर्वी बाबांनी तिथे सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, तो आता हाताने निघतो. बाकीच्या तीन भिंती बऱ्या आहेत. वर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत आहे. त्या भिंतीच्या पलीकडे घराचा उघडा चौक आणि मोरी. चौकात काकांनी मध्यंतरी जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवून घेतली. भिंतीला पुट्टीचे दोन हात मारून वर वॉटरप्रूफ रंग दिला तर चालेल का? सुरुवात कुठून करू?
— नवशिकी, दांडिया बाजार

उत्तर : पोतं उघडलं नसशील तर दुकानदाराला परत कर. घेत नसेल तर बऱ्या असलेल्या तीन भिंतींसाठी कोरड्या जागी, फळीवर ठेव. मागच्या भिंतीला त्यातली चमचाभरही लावू नकोस. ओल्या भिंतीवर पुट्टी लावणं म्हणजे पिकलेल्या गळवावर पावडर लावणं.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटी शेवटी आलंय : काकांनी फरशीवर फरशी बसवली. चौकाची पातळी दोन-तीन इंच वर आली की पूर्वी जोत्याच्या खाली राहणारं पाणी आता जोत्याच्या वर, थेट भिंतीच्या विटांशी उभं राहतं. आपल्या जुन्या घरांना जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसतो. विटा ते पाणी शोषून वर खेचतात, साधारण मीटरभर उंचीपर्यंत. तुझी ‘कमरेपर्यंत’ची खूण तीच आहे. पाण्याबरोबर जमिनीतले, मोरीतले क्षार चढतात. पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे बनतात आणि ते गिलाव्याला आतून ढकलून पाडतात. हा लोणा. बाबांनी केलेला सिमेंटचा गिलावा दाट असल्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वाव उरला नाही, म्हणून ओल आणखी वर चढली. कडियाने त्या वेळी जे सांगितलं तेच सगळे करत होते, तेव्हा बाबांना बोल लावू नकोस.

तरीही माझ्या अंदाजावर विसंबू नकोस, स्वतः तपास. दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा घे आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसव. ओल्या भिंतीवर पट्टी धरत नाही, त्यामुळे आधी पोपडे खरवडून जागा साफ करावी लागेल. दोन दिवसांनी प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर साचतोय आणि तुझं अर्धं काम खिडक्या उघडल्यानेच होईल. नंतर नाण्याने किंवा किल्लीने भिंतभर टकटक करत फिर. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने रेघ मार. मग चौकात जा. मोरीत चार बादल्या पाणी ओत आणि ते कुठे रेंगाळतं ते बघ. गच्चीवरून येणाऱ्या पावसाच्या पाइपाचा सांधा बघ, मोरीची जाळी आणि भिंतीची कड बघ. एवढं सगळं बघून झाल्यावरच हातोडी हातात घे.

सुरुवात कुठून, असं विचारलंस. सुरुवात चौकातून. काकांची नवी फरशी भिंतीलगत निदान फूटभर रुंदीत काढायची, पातळी जोत्याच्या खाली न्यायची आणि उतार भिंतीपासून लांब, मोरीच्या तोंडाकडे द्यायचा. यावरून घरात वाद होईल हे मला माहीत आहे. काकांना प्लॅस्टिकवरचे थेंब दाखव, कारण मी सांगून ऐकणाऱ्यातले ते नसावेत. पाइपाचा सांधा आणि मोरीची कड ही कामं प्लंबर आणि कडिया करतील, तू शेजारी उभं राहून बघ. चौकाचं निस्तरल्याशिवाय खोलीत केलेलं प्रत्येक काम पुन्हा करावं लागेल.

आता खोली. सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या वर फूटभरापर्यंत पूर्ण काढ. छिन्नी आणि लहान हातोडी पुरते, ग्राइंडर बंद खोलीत चालवू नकोस. छिन्नी तिरकी धर, सरळ ठोकलीस तर गिलाव्याबरोबर विटेचा दर्शनी भागही उडेल. डोळ्यांना चष्मा, नाकाला एन-95, हातात जाड मोजे, पायात बूट. चपला घालून हे काम करताना मी कोणालाही काम थांबवायला लावते. विटा दिसल्या की सांध्यांतला मऊ झालेला चुना अर्ध्या इंचाएवढा खोल खरवडून काढ. वर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडून, पुठ्ठ्यावर गोळा करून फेकून दे. पाण्याने धुण्याचा मोह होतो, पण धुतलंस की ते विरघळून परत विटेत जातात. महिन्याभराने पुन्हा पांढरं दिसेल, पुन्हा झाड.

मग थांबायचं. नवशिक्यांना नेमकं हेच जमत नाही, कारण दुकानातून आणलेल्या वस्तू कोपऱ्यातून टक लावून बघत असतात. विटेच्या भिंतीला वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना लागतो, असा आमच्या धंद्यातला जुना हिशेब आहे. तुझी भिंत दीड विटेची, म्हणजे 14 इंचांच्या आसपास असेल. दोन्ही बाजूंनी उघडी ठेवलीस तर वेळ बराच कमी होतो. आता गिलावा काढलास तर आपल्याकडचा कोरडा हिवाळा आयताच कामाला येईल. दार-खिडकी दिवसभर उघडी, पंखा चालू. हीटर लावून घाई करू नकोस, त्याने क्षार आणखी जोरात बाहेर येतात.

तोवर हाताला काम हवं असेल तर वर बघ. कडीपाटाच्या तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे पेचकस टोचून पाहा, विशेषतः मागच्या भिंतीवर. सागवान निरोगी असेल तर पेचकस अडतो. लोण्याच्या गोळ्यात गेल्यासारखा गेला तर तिथे लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. असं एकही टोक सापडलं तर खोलीत काम बंद. खालून टेकू लावणारा सुतार आणि बांधकामाचा अभियंता, दोघांनाही बोलवायचं. तुळई, भार घेणारी भिंत आणि विजेचं मेन, या तिन्ही गोष्टी शिकाऊ माणसाच्या नाहीत. टोकं धडधाकट निघाली तर कडीपाट कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पूस आणि तसाच राहू दे. त्याच्याखाली पीओपीचं छत लटकवायचं कोणी सुचवलं तर दोन हात लांब राहा. पुढे वाळवी लागली, पाणी ठिबकलं, तर ते छत कोसळेपर्यंत कळत नाही. लाकडाचा हा सांगाडा किती टिकतो ते बघायचं असेल तर रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यासमोर जाऊन उभी राहा. भित्तिचित्रांसाठी सगळे तिकडे जातात, तू खांब आणि तुळया बघ.

भिंत वाळली, टेप-प्लॅस्टिकची परीक्षा पुन्हा पास झाली की चुन्याचा गिलावा. कळीचा चुना घरी विरवायला जाऊ नकोस. पाण्यात पडला की तो उकळतो, उडतो आणि प्लॅस्टिकची बादली वितळवतो. विरवलेला, मळलेला चुना मिळाला तर उत्तम, नाहीतर पोत्यातला विरलेला चुना आण आणि रात्रभर पाण्यात भिजव. एक भाग चुना, एक भाग बारीक सुरखी (भाजक्या विटेची पूड), दोन भाग रेती. सुरखीमुळे चुना थोड्या ओलसर भिंतीवरही धरतो. रेती ओरसंग नदीची मिळाली तर बरी, पण कुठलीही असो, चाळून घे आणि बाटलीत तपास : अर्धी बाटली रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खूप हलव आणि काही तास ठेव. रेतीवर बसलेला मातीचा थर एकूण जाडीच्या 8 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर रेती धुवावी लागेल. पहिल्या थरात बोटभर लांबीचे कापलेले तागाचे धागे घाल, तडे कमी पडतात. गुळाचं पाणी, बेल, हिरडा, मेथी हे सगळं जुने कारागीर घालत असत आणि त्याचा उपयोगही असतो, पण तुझ्या पहिल्या भिंतीला साधं मिश्रण नीट जमलं तरी मला पुष्कळ आहे.

भिंत आदल्या संध्याकाळी आणि सकाळी पाणी शिंपडून ओलसर कर, नाहीतर विटा गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकतात. भिंतीवर जागोजागी गिलाव्याचे तळहाताएवढे चौकोन आधी लाव, ओळंबा सोडून ते एका रेषेत आण. पुढे सगळं काम त्या चौकोनांच्या पातळीत भरायचं आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीने ओढायचं. पहिला थर 10 ते 12 मिलिमीटर, त्यावर खिळ्याने आडव्यातिडव्या रेघा. आठवडा-दहा दिवस तो ओलसर ठेवून मग 6 ते 8 मिलिमीटरचा दुसरा थर, लाकडी रंध्याने घासून. सिमेंट कालवलं की अर्ध्या तासात संपवायची घाई असते. चुना तुझ्यासाठी थांबतो. थापीवरून पडला तर पुन्हा उचलून मळता येतो, वाकडा लागला तर खरवडून परत लावता येतो. म्हणूनच शिकायला चुना बरा. पहिला हात जिथे कपाट येणार आहे त्या मागच्या कोपऱ्यात चालव.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्का होतो, आणि त्यासाठी त्याला ओलसरपणा आणि वेळ दोन्ही लागतात. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा 42च्या पुढे जातो, तेव्हा गिलावा पक्का होण्याआधीच सुकून भेगाळतो. होळीच्या आत काम उरकता आलं तर बरं, न जमलं तर भिंतीला ओलं गोणपाट टांग. डोळ्यात चुना गेला तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धू आणि तडक डॉक्टरकडे जा.

वर रंग म्हणून चुन्याचाच पातळ हात, तीन वेळा, भिंत ओलसर असताना. पहिला हात लावल्यावर काहीच दिसत नाही, म्हणून सगळे दाट करतात आणि मग तो भुकटीसारखा हाताला लागतो. दुधापेक्षा पातळ ठेव. वॉटरप्रूफ रंग त्या भिंतीला कधीच नको. बाहेरून येणारं पाणी तो अडवत नाही, आतलं मात्र कोंडून ठेवतो.

आईला सांग, या गावात सयाजीरावांनी 1890मध्ये कलाभवन काढलं ते शिकलेल्या माणसांनी हाताने कामं करावीत म्हणूनच. फाळक्यांनी सिनेमा काढण्याआधी तिथे शिक्षण घेतलं होतं. मुलगी चुना कालवते म्हणून शेजारणी काय म्हणतील, ते त्यांना म्हणू दे. पण कडिया बोलवायचा सल्ला आईचा खरा आहे : पहिल्या थराच्या दिवशी एक अनुभवी कडिया रोजावर घे. भिंत त्याने अर्धी करायची आणि तू त्याच्या शेजारी अर्धी. चहा दोनदा, वेळेवर. जे व्हिडिओत दिसत नाही ते, म्हणजे मनगट किती वळवायचं आणि गिलावा किती जोरात फेकायचा, हे त्याच्या हाताकडे बघूनच कळेल.

प्रश्न : त्याच प्रकारच्या घरात आम्ही राहतो. खोलीत लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग आहे, काळे गोल स्विच. मुलगा म्हणतो, मी स्वतः बदलतो, यूट्यूबवर सगळं आहे. एसीही बसवायचाय.
— एक आई, बाबाजीपुरा

उत्तर : मुलाला कागद-पेन्सिल द्या, वायर देऊ नका. त्या पट्ट्यांखालच्या जुन्या वायरींचं रबर कडक होऊन हात लावताच गळून पडतं आणि उघडं तांबं लाकडाशी लागतं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच. मुलाने खोलीचा नकाशा काढावा : टेबल कुठे, पलंग कुठे, कुठल्या उंचीवर किती प्लग. ऐनवेळी एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळतात ते हा कागद न केल्यामुळे.

इलेक्ट्रिशियनशी बोलताना एवढं विचारा. दिवे-पंख्यांना 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरच्या प्लगना 2.5ची आणि एसीला वेगळं सर्किट, 4ची वायर, स्वतःचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच). अर्थिंग आहे का, की नुसतीच तिसऱ्या भोकाची शोभा? आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. माणसाला शॉक बसायला लागला की तो क्षणात पुरवठा तोडतो. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. दुकानदार पैसे वाचवायला आरसीसीबी वगळायला सांगेल, त्याचं ऐकू नका.

वायरींच्या पाइपांसाठी भिंतीत झिऱ्या (खाचा) पाडायच्या त्या गिलाव्याच्या आधी, सरळ उभ्या किंवा आडव्या, तिरप्या कधीच नाहीत. अर्ध्या विटेच्या पातळ भिंतीत लांब आडवी झिरी पाडू देऊ नका. पाइप बसले की गिलावा करण्याआधी भिंतीजवळ टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना त्या फोटोचं मोल कळेल. हे काम मुलाला द्या.

प्रश्न : खोलीचं दार सागवानी आहे, पण वर हिरव्या-निळ्या ऑइलपेंटचे इतके थर आहेत की नक्षी बुजली. पॉलिश पेपरने घासून लाकूड मोकळं करावं म्हणतोय.
— वाडी

उत्तर : कोरडं घासू नका, हे आधी. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत 90 भागांची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असेल असं धरूनच चाला. घासलेली धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर काम संपून सफाई होईपर्यंत त्यांना त्या भागात येऊ देऊ नका. ब्लोलँपही नको, तापलेल्या शिशाचा धूर त्याहून वाईट.

दार बिजागऱ्यांतून काढा आणि चौकात आडवं ठेवा. रंग काढायची जेली लावा, वर प्लॅस्टिक अंथरा, फुगलेला रंग बोथट पट्टीने ओढून काढा. नक्षीच्या खाचांसाठी बांबूची टोकदार काडी, लोखंड नको. राहिलेला रंग पाणी मारून ओल्या पेपरने घासा. निघालेलं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, मोरीत धुवून सोडू नका. मग लाकूड नीट वाळू द्या, चिरांत त्याच लाकडाचा भुसा आणि डिंक भरा.

वर मी उकळलेलं जवसाचं तेल लावते, पातळ, फडक्याने. पाच-दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं, एका दिवसाआड तीन वेळा. या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी वाळताना तापतं आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेटतात. अंगणात उघडी पसरा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : 2024च्या जन्माष्टमीच्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं. दिवाळीच्या आत सगळं रंगवून घेतलं. आता सगळीकडे फुगे. रंगाची कंपनी बदलू का?
— कारेलीबाग

उत्तर : कंपनीचा दोष नाही. ऑगस्टच्या अखेरीस भिजलेली नऊ इंची भिंत तुम्ही दोन महिन्यांत कोंडली. वर दांडिया बाजारच्या मुलीला सांगितलेला इंचाला महिन्याचा हिशेब लावून बघा. फुगलेला रंग आणि पुट्टी काढून टाका, गिलावा पोकळ वाजतो तिथे तोही. प्लॅस्टिकची परीक्षा करा, कोरडं आलं तरच पुढे. यापुढे कपाटं भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा आणि प्लगचे बोर्ड कमरेच्या वर घ्या. विश्वामित्री नदीचा काही भरवसा नाही.

प्रश्न : सौ. बाई, आपण दरवेळी चुन्याचं कौतुक करता. मी सारी नोकरी सिमेंट-काँक्रीटच्या कामांत काढली. सिमेंट अधिक मजबूत असतं हे आपणास माहीत असेलच. नव्या पिढीला या जुन्या नादाला का लावता?
— निवृत्त अभियंता, मांजलपूर

उत्तर : साहेब, सिमेंट अधिक मजबूत आहे यावर आपलं एकमत आहे. माझी तक्रार त्या मजबुतीचीच आहे. जुन्या मऊ विटा, सांध्यांत चुना आणि वर कडक सिमेंट, अशी जोडी असली की भिंत थोडी हलली, फुगली, तरी गिलावा वाकत नाही. तो स्वतः सुटतो किंवा विटेचा थर घेऊन खाली येतो. गिलावा भिंतीपेक्षा नरम असावा, म्हणजे झीज त्याची होते. गिलावा नवा करता येतो, शंभर वर्षांची वीट कुठून आणायची? तुमच्या मांजलपूरच्या काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये मी खुशाल सिमेंट वापरेन : आत 12 मिलिमीटर, एक भाग सिमेंटला चार ते सहा भाग रेती, निदान सात दिवस पाणी. तिथे चुना लावायचा हट्ट मी कधीच केलेला नाही.

प्रश्न : खोलीच्या कोपऱ्यात खिडकीपासून वर तिरपा तडा गेलाय. उन्हाळ्यात रुंद होतो, पावसाळ्यात मिटतो. पुट्टी भरली, पुन्हा उघडला.
— गोत्री

उत्तर : तुमच्याखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया तिच्याबरोबर हलतो. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पीओपीने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. वर्षभरात काच फुटली आणि तड्यात नाणं उभं शिरायला लागलं, तर अभियंत्याला बोलवा. तेवढं न होता नुसता ऋतूप्रमाणे उघडमीट करत असेल तर पुट्टी सोडा, लवचीक सीलंट भरा. भिंतीलगत झाडांना पाणी घालत असाल तर ते कमी करा. भिंतीलगत पिंपळ-वड उगवला असेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच उपटा.

प्रश्न : कडियाला रोजावर ठेवावं की काम उक्तं, म्हणजे दिवसांऐवजी कामाच्या हिशेबाने, द्यावं? दोघे दोन सांगतात.
— अनेक वाचक

उत्तर : जुन्या घरात तोडफोड आणि चुन्याचा गिलावा रोजावर. गिलाव्यामागे काय निघेल हे त्यालाही माहीत नसतं, तुम्हालाही नाही. उक्तं दिलंत तर तो न दिसलेलं झाकून टाकेल, कारण उघडं करण्यात त्याचंच नुकसान आहे. रंग आणि फरशी उक्ती, चौरस फुटावर. पण मोजणार कसं, दार-खिडक्या वजा की धरून, हे आधीच कागदावर लिहा. आगाऊ पैसे सामानापुरते. राडारोडा कोण आणि कुठे नेणार हेही त्याच कागदावर, नाहीतर तो गल्लीच्या तोंडाशी पडून राहतो आणि शिव्या तुम्ही खाता. अखंड निघालेल्या जुन्या विटा मात्र झाडून बाजूला रचून ठेवा. त्याच मापाची वीट आता वीटभट्टीवर मिळत नाही, आणि चौकातल्या भिंतीला एखादी कधीतरी लागतेच.

पुढच्या वेळी फरशीचे प्रश्न घेणार आहे. पत्र लिहिताना भिंत कुठल्या दिशेची, किती जाड, आणि तिच्या पलीकडे काय आहे हे लिहा. फोटो पाठवाल तर भिंतीचा एक जवळून आणि एक चौकातून, मोरीसकट.